पंच-आउटनंतरचे तास : मोजायचे कसे, आणि मोजून करायचं काय

मार्च एन्डची रात्र. पावणेदोनला कंपनीच्या गेटमधून गाडी काढली आणि मोहदरी घाटात मला डुलकी लागली. किती सेकंद, ते सांगता येणार नाही. जाग आली ती डाव्या बाजूची चाकं खडीवर गेल्याच्या आवाजाने. गाडी कडेला घेतली, इंडिकेटर लावले, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि उजाडेपर्यंत तिथेच झोपलो. घरी सांगितलं, "डिस्पॅच लांबला." सकाळी अकराला पुन्हा कंपनीत हजर. ग्रुपवर साहेबांनी अंगठा टाकला होता. तो अंगठा बघून मला बरं वाटलं, हे त्या डुलकीपेक्षा लाजिरवाणं.

मी सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रॉडक्शन बघतो. राहायला नाशिकला, जेलरोडला. त्या रात्रीला दीड वर्ष झालं. त्यानंतर जे जे करून पाहिलं, त्यातलं जे चाललं ते इथे क्रमाने लिहितोय. तुम्ही सातपूर-अंबडला असाल, कॉलेज रोडच्या बँकेत असाल, गंगापूर रोडला लॅपटॉप घेऊन बसत असाल किंवा पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणारे पासधारक असाल. आकडे बदलतील, पद्धत बदलायची गरज नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. ओटीच्या, म्हणजे ओव्हरटाइमच्या पैशावर ज्याचं घर चालतं अशा कंत्राटी हेल्परला "सहाला घरी जात जा" म्हणणं ही थट्टा आहे. त्याच्या उपयोगाचा फक्त कायद्याचा भाग आहे. बाकी सगळं माझ्यासारख्यांसाठी : ज्यांना जादा तासांचे पैसे मिळत नाहीत, तरी जे थांबतात.

पहिली पायरी : चौदा दिवसांची वही

मोबाइलमधलं अ‍ॅप नको. शाळेची साधी वही घ्या. रोज सहा नोंदी : घरातून निघालो, पंच-इन, पंच-आउट, घरी पोचलो, घरी आल्यावर कामाचे किती फोन-मेसेज आणि किती मिनिटं, आणि झोपलो कधी. फोनची मिनिटं अंदाजाने लिहू नका, कॉल लॉग उघडून बघा. अंदाज नेहमी आपल्या बाजूने खोटं बोलतो.

सुरुवात २० तारखेच्या आसपास करा, म्हणजे मंथ एन्ड वहीत येतो. "हा आठवडा वेगळाच होता, पुढच्या आठवड्यापासून लिहू" असं वाटेल. मला तीनदा वाटलं. प्रत्येक आठवडा वेगळाच असतो.

वही लिहिताना काही सुधारायला जाऊ नका, नेहमीसारखंच वागा. कंपनीत कुणाला सांगूही नका.

मी आधी बायकोला म्हणालो होतो, "साठ तास होत असतील आठवड्याला." वहीत आले ते असे : गेटच्या आत रोज सरासरी साडेअकरा, सहा दिवसांचे ६९. रात्रीचे फोन रोज तासभर, म्हणजे ६. एकूण ७५. जाण्यायेण्याचे १२ वेगळे.

आता हा आकडा कशाशी ताडायचा? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१६ या एका वर्षात जगभरात अशा लांब तासांमुळे सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाल्याचा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे वहीत ५५ ची रेघ मारायची. मी तिच्या २० तास वर होतो.

२०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं, तेव्हा आमच्या कँटीनमध्ये दोन दिवस वाद झाला. मी मूर्तींच्या बाजूने बोललो होतो. वही लिहिली असती तर कळलं असतं की त्यांचा सल्ला मी विचारण्याआधीच पाच तास ओलांडलाय.

दुसरी पायरी : तासाचा खरा भाव काढा

हे गणित दहा मिनिटांचं आहे, पण सगळ्यात जास्त झोंबतं.

हातात येणारा महिन्याचा पगार घ्या. त्याला खऱ्या तासांनी भागा. खरे तास म्हणजे गेटच्या आतले, प्रवासाचे, रात्रीच्या फोनचे आणि सुट्टीच्या दिवशी जाऊन आलेले, सगळे.

माझं उदाहरण देतो. हातात ६२,००० रुपये. कागदावर रोज साडेआठ तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २२१ तास. भाव २८० रुपये तास. ऐकायला चांगलं वाटतं. प्रत्यक्षात रोज साडेअकरा तास गेटच्या आत, दोन तास रस्ता, एक तास फोन. साडेचौदा गुणिले २६ म्हणजे ३७७. त्यात सुट्टीच्या दोन शनिवारी पाच-पाच तास जाऊन यायचो, तेव्हा ३८७. भाव १६० रुपये.

मग जुनी पेस्लिप काढली. प्रमोशनच्या आधी सीनियर इंजिनिअर होतो तेव्हा हातात ४८,००० यायचे. तेव्हा गेटच्या आत साडेनऊ आणि रस्त्याचे दोन, महिन्याला २९९ तास. भाव १६० रुपये.

दोनदा कॅल्क्युलेटर मारला. ज्या प्रमोशनचे पेढे मी अख्ख्या सोसायटीत वाटले, त्यात माझा भाव एक रुपयानेही वाढला नव्हता. महिन्याचे ८८ तास जास्त विकले आणि त्याचे १४,००० मिळाले, एवढंच. पगारवाढ आणि जास्त माल विकणं यातला फरक कांद्याच्या शेतकऱ्याला कळतो, आपल्याला कळत नाही.

तुमचा भाव प्रमोशननंतर खरंच वाढला असेल तर उत्तम. पण काढून बघा. आणि हे पान मोकळं ठेवा, यात आणखी एक ओळ नंतर येणार आहे.

तिसरी पायरी : प्रत्येक जादा तासापुढे एक अक्षर

इथे घाई करू नका, सगळा मसाला इथेच आहे.

कागदावरच्या वेळेच्या पुढे गेलेला प्रत्येक अर्धा तास वहीत शोधा आणि त्यापुढे एक अक्षर लिहा. का म्हणजे खरं काम, जे त्याच दिवशी, माझ्याच हातून व्हायला हवं होतं. चू म्हणजे कुणाच्या तरी चुकीची किंवा व्यवस्थेतल्या भोकाची निस्तरणी. दि म्हणजे दिखावा. भी म्हणजे भीती.

चौदा दिवसांत माझे ४८ तास जादा होते. वाटणी अशी निघाली : का १३, चू १७, दि ११, भी ७. म्हणजे खऱ्या कामाचे पाव भागापेक्षा थोडे जास्त. मी स्वतःला सांगत होतो की लोड आहे. लोड १३ तासांचा होता.

*चू* ला शॉपफ्लोअरवरचंच हत्यार लावा : पाच वेळा "का?" रिजेक्शन आलं की आपण व्हाय-व्हाय करतो, स्वतःच्या संध्याकाळसाठी कधी केलं नाही. मी केलं ते असं. मी रोज पावणेसात-सातपर्यंत का थांबतो? सेकंड शिफ्टचा फर्स्ट पीस, म्हणजे तपासायचा पहिला नग, अप्रूव्ह होईपर्यंत लाइन सुरू होत नाही म्हणून. अप्रूव्हल का लांबतं? फर्स्ट शिफ्टचा इन्स्पेक्टर निघून गेलेला असतो, दुसरा उशिरा येतो. का? त्याची बस उशिरा येते. का? दोन वर्षांपूर्वी खर्च वाचवायला बसचे दोन रूट एकत्र केले. मग तेव्हा कुणी का बोललं नाही? कारण मी थांबत होतो ना! माझ्या थांबण्यामुळे ते भोक कुणाला दिसलंच नाही.

उपाय फार मोठा नव्हता. रोजच्या तीन पार्टच्या फर्स्ट पीसचे अधिकार क्वालिटीच्या संमतीने मशीन लावणाऱ्या सेटरला दिले. रोजचा पाऊण तास वाचला. त्या पाऊण तासाला मी दोन वर्षं "माझी जबाबदारी" म्हणत होतो.

*दि* कबूल करायला जड जातो. पार्किंगमध्ये साहेबांची गाडी उभी आहे म्हणून थांबणं. दुपारी तयार झालेला रिपोर्ट रात्री दहाला मेल करणं, म्हणजे वेळ दिसते. जेवणाचा डबा टेबलावरच खाणं, तोही दार उघडं ठेवून. आमचे साहेब नऊपर्यंत बसायचे, म्हणून आम्ही चौघं मॅनेजर साडेआठपर्यंत बसायचो. पुढे कधीतरी त्यांच्या ड्रायव्हरकडून कळलं की साहेब द्वारका सर्कलची ट्रॅफिक उतरायची वाट बघत बसतात. चार घरांतली जेवणं द्वारका सर्कलच्या सिग्नलवर थांबलेली होती.

*दि* वर उपाय एकच, आणि तो बोलून होत नाही. आठवड्यात एक दिवस वेळेवर उठून चालायला लागा. पहिल्या वेळी पाठीला डोळे लागल्यासारखं वाटतं. तिसऱ्या वेळी कुणी वर बघत नाही.

*भी* चे तास थोडे, पण त्यांना वहीत उत्तर नसतं. आपल्यावाचून चाललं तर काय, ही भीती. ज्युनिअर पोरगं एक्सेलमध्ये माझ्यापेक्षा वेगवान आहे, ही भीती. घराचा हप्ता, ही भीती. शेवटच्या भीतीचं उत्तर पैशाच्या पायरीत आहे. पहिल्या दोन्हींचं उत्तर मला अजून नीट सापडलेलं नाही. एवढं केलं की त्या ज्युनिअरला लाइन बॅलन्सिंग, म्हणजे लाइनवर कामाची सारखी वाटणी, मी स्वतः शिकवलं. आता त्याचे फोन कमी येतात.

चौथी पायरी : शरीराचं ऑडिट

कंपनीत वर्षाला तपासणी होते, आपण फाइल न उघडता ड्रॉवरमध्ये टाकतो. ती काढा. नसेल तर फॅमिली डॉक्टरांना विचारून रक्तदाब, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे) करून घ्या. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेह. रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० च्या वर येत असेल तर "टेन्शनमुळे वाढला असेल, उतरेल" हे डॉक्टरांनी म्हणायचं, आपण नाही.

माझा १५२/९६ निघाला. एक गोळी सुरू झाली. कंपनीत ही गोष्ट सांगितली तेव्हा तिघांनी खिशातून आपापली पाकिटं काढली.

छातीत जड वाटणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम : याला ॲसिडिटी समजून डायजिन चघळत बसू नका. १०८ ला फोन लावा.

आता झोप. सलग १७ ते १९ तास जागं असलेल्या माणसाची प्रतिक्रिया, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, असं २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. त्या रात्री मी घाटात होतो तेव्हा वीस तास जागा होतो. थेंबही न घेता मर्यादेच्या पलीकडे. तेव्हापासून नियम केला : मध्यरात्र उलटली की गाडी कंपनीतच राहील, मी शिफ्टच्या बसने जाईन किंवा गेस्ट रूममध्ये झोपेन.

आणि मन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. तो तिने आजार न मानता कामाशी जोडलेली स्थिती मानली आहे. खुणा तीन : गळून गेल्यासारखा थकवा, कामाबद्दल तुच्छता किंवा दुरावा, आणि आपल्याच्याने काही होत नाही ही भावना. दुसरी खूण आपण ओळखत नाही, कारण कँटीनमध्ये तिला विनोदबुद्धी म्हणतात. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी नंबरवर मोफत बोलता येतं, मराठीतही.

पाचवी पायरी : कायदा काय देतो, कुठे हात वर करतो

रविवारची सुट्टी आपल्याला आभाळातून मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केलं, आणि कित्येक वर्षांच्या झगड्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट दर दिला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतली व्यावसायिक सुरक्षेची संहिता आपल्या विषयाची. आठ तासांचा दिवस, आठवड्यात एक सुट्टी, ओव्हरटाइमला दुप्पट दर आणि तोही कामगाराच्या संमतीने. वर्षात १८० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा. पूर्वी यासाठी २४० दिवस लागायचे. हेल्पर-ऑपरेटर भावांनी आपल्या पावतीवर ओटी सिंगल दराने लावलंय की दुप्पट, एवढं तरी बघावं.

मेख अशी, की हे सगळं "कामगारा"साठी आहे. व्यवस्थापकीय काम करणारा कुणीही, आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त घेणारा सुपरवायझर या व्याख्येतून बाहेर. म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर असिस्टंट मॅनेजर छापलं की आपण लोखंड्यांच्या आधीच्या काळात जातो. ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून दिला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये त्यासाठी खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झालेला नाही. तेव्हा आपल्यासारख्यांना कोर्टाची पायरी नाही, साहेबांच्या केबिनचीच आहे.

सहावी पायरी : साहेबांशी बोलणं

कधी? महिन्याच्या ५ ते १५ तारखेदरम्यान, सकाळच्या मीटिंगनंतर. ऑडिटच्या आठवड्यात नाही, कस्टमर येऊन गेल्यावर नाही, आणि स्वतः चिडलेले असताना अजिबात नाही.

काय घेऊन? एक पान. त्यात *चू* चे तास, त्यांची कारणं आणि उपाय. *दि* आणि *भी* त्यात लिहू नका, ते आपले.

कोणत्या शब्दांत? "स्ट्रेस", "वर्क-लाइफ बॅलन्स" हे शब्द घरी ठेवून जा. ते ऐकले की साहेब लोक एचआरला वेबिनार ठेवायला सांगतात. स्क्रॅप, रीवर्क, चुकीचा डिस्पॅच या भाषेत बोला. मी मागच्या तीन महिन्यांचं रीवर्क काढलं. रात्री आठनंतर मी बदललेल्या प्लॅनमुळे चार बॅच परत फिरवाव्या लागल्या होत्या. याला आधारही आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळा बनवणाऱ्या कामगार स्त्रियांच्या नोंदी जॉन पेन्कावेल या अर्थतज्ज्ञाने तपासल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केल्या. आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत तासांच्या प्रमाणात उत्पादन वाढत होतं, पुढे वाढीचा वेग पडत गेला. ७० तासांतलं उत्पादन ५६ तासांतल्यापेक्षा फारसं जास्त नव्हतं.

मागायचं एकच. मी म्हणालो, "साहेब, मंगळवार आणि गुरुवार मी पावणेसहाच्या बसने निघतो. सेकंड शिफ्टचं हँडओव्हर सव्वापाचला लेखी देईन. लाइन बंद पडली तर फोन करा, मी उचलेन. बाकी सकाळी."

"सगळेच थांबतात हो," हे उत्तर ठरलेलंच. त्यावर वाद घालू नका. "दोन महिने करून बघू, आउटपुट खाली गेलं तर मी स्वतः बंद करतो," म्हणा आणि थांबा. पुढचं बोलायची वेळ त्यांची. ही शांतता मला वर्षासारखी वाटली. ते म्हणाले, "बघा."

"बघा" म्हणजे हो. त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाकून ठेवा.

ग्रुपसाठी आमच्या टीममध्ये एक वाक्य ठरलं : मेसेज म्हणजे उद्या, फोन म्हणजे आत्ता. पहिल्या आठवड्यात फोन वाढले. मग लोकांच्या लक्षात आलं की फोन करायचा तर निदान कारण लागतं.

याची किंमत लपवत नाही. पुढच्या अप्रेझलला मला बी ग्रेड मिळाली. बाकीच्यांना ९ टक्के, मला ४. वर्षाचा फरक साधारण ३७,००० रुपये. आठवडाभर तोंड पाडून फिरलो. मग वही काढली. आठवड्याचे १२ तास कमी झाले होते, वर्षाचे सहाशे. तासाला ६२ रुपये पडले. मी १६० ने विकत होतो ते ६२ ला परत घेतले.

सातवी पायरी : घरचं पान

आमच्या कंपनीची सुट्टी शनिवारी, मुलीची रविवारी. ज्या गावात कारखान्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी असतात तिथे ही गोष्ट हजारो घरांत आहे : दोघांचाही दिवस मोकळा, पण एक नाही. मी बरीच वर्षं याचं खापर सुट्टीवर फोडलं.

इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रायश्चित्त म्हणून महाबळेश्वर. तीन दिवसांचं बुकिंग, त्यातले दीड दिवस फोनवर, आणि परत आल्यावर "तुम्हाला नेलं होतं ना?" त्यापेक्षा एखादं कंटाळवाणं, दर आठवड्याचं काम उचला आणि ते कायमचं आपलं करा. मी दोन घेतली : गुरुवारची भाजी, आणि आईच्या गोळ्यांचा आठवड्याचा डबा भरणं. आईला आता नावं आठवत नाहीत, पण डबा भरताना शेजारी बसते आणि रंग मोजते.

मग घरात एक प्रश्न विचारा : "माझ्या नोकरीमुळे तुझं काय राहिलं?" उत्तर आलं की एक दिवस गप्प बसायचं. खुलासा नाही, "पण मी कुणासाठी करतो" नाही.

बायको म्हणाली, "अहो, तुमचं प्रमोशन झालं त्या जूनमध्ये मी संध्याकाळचा क्लास बंद केला. आईंजवळ कुणीतरी हवं होतं."

ती आठवी-नववीला गणित शिकवायची. महिन्याला ११,००० यायचे. ती दुसऱ्या पायरीतली मोकळी सोडलेली ओळ म्हणजे ही. माझे १४,००० वाढले, तिचे ११,००० गेले. ८८ तासांचे घरात तीन हजार आले.

तिने वही मागून घेतली. दोन दिवसांनी परत दिली, तेव्हा काही तासांपुढे माझं अक्षर तसंच ठेवून शेजारी पेन्सिलने एक नवीन अक्षर लिहिलेलं होतं : घ. विचारलं तर म्हणाली, "घरी यायचं नव्हतं म्हणून."

खोटं नव्हतं. कारखान्यात अडचण आली की मी सोडवतो आणि ती सुटते. घरी आईचं विस्मरण सुटत नाही, मुलीचा अबोला सुटत नाही. आठ वाजता लाइनवर उभं राहणं सोपं होतं. तुमच्या वहीत हे अक्षर असेल-नसेल, पण ते स्वतः लिहू नका. ज्याच्या हातात वही द्यायला भीती वाटते, त्याच्या हातात द्या.

आठवी पायरी : सहा महिन्यांचा पैसा

"नाही" म्हणायची ताकद बँकेतून येते. घरखर्च, हप्ता, फी आणि औषधं मिळून महिन्याला जे लागतं त्याच्या सहापट रक्कम एफडीत बाजूला ठेवा. पीएफ यात धरू नका. एका वर्षात जमणार नाही, मला अजून दोन महिन्यांची कमी आहे. पण तीन महिन्यांची झाली तेव्हाच केबिनमध्ये आवाज स्थिर झाला होता.

शनिवारी हल्ली पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढतो. तिथल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, साधारण १,९०० वर्षांपूर्वीचा. क्षत्रप राजा नहपानाच्या या जावयाने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले : २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० पाऊण व्याजाने. भिक्षूंची वस्त्रं आणि किरकोळ खर्च व्याजातून भागवायचे, मुद्दल परत द्यायची नाही. गोवर्धन गंगापूर रोडला आजही आहे. एफडी मोडायचा मोह झाला की मला तो दगड आठवतो.

आणि काहीच हललं नाही तर

तीन महिन्यांनी वही पुन्हा लिहा. तास खाली आले नसतील तर नोकरी बदलायची तयारी करा, पण मंथ एन्डच्या रात्री राजीनामा टाइप करू नका. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथलं जग लहान आहे. एकमेकांचे साहेब एकमेकांना ओळखतात. नोटीस पिरियड पूर्ण करा, हँडओव्हर लेखी द्या, रिलिव्हिंग लेटर हातात घ्या, पीएफ काढू नका, ट्रान्स्फर करा. पाच वर्षं होत आली असतील तर थोडं थांबणं परवडतं : शेवटचं महिन्याचं वेतन (मुख्यतः बेसिक आणि डीए) भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं, ही ग्रॅच्युइटी. आणि नव्या ठिकाणी इंटरव्ह्यूला जाल तेव्हा संध्याकाळी सातला जा. पार्किंगमध्ये किती गाड्या आहेत ते मोजा.

माझे ७५ चे ६३ झालेत. ५५ ची रेघ अजून आठ तास खाली आहे, आणि मार्च एन्डला काय होईल ते मार्चमध्ये कळेल. गेल्या आठवड्याची नोंद समोर आहे. सोमवार, बुधवार नेहमीसारखे. मंगळवारी पावणेसहाची बस मिळाली. गुरुवारी साडेअकरा तास, भाजी बायकोने आणली. गुरुवारपुढे मी अक्षर लिहिलेलं नाही. वही ओट्यावर ठेवलीय, पेन्सिल तिच्याकडे आहे.